वकिलाने वकिलीबाहेरची स्वयंसेवा करताना काय सांभाळावे?

नवी_सनद, बोरिवली

नमस्कार. मी दिंडोशी आणि फोर्ट येथील दिवाणी न्यायालयांत एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते. न्यायालयाला सुट्टी असलेल्या शनिवारी आणि उन्हाळी सुट्टीत एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी नियमित काम करावे अशी माझी इच्छा आहे. मात्र ते काम कायद्याचे नसावे. आठवडाभर दावे, प्रतिज्ञापत्रे आणि तारखा यांतच दिवस जातो, तेव्हा शनिवारी पुन्हा तेच करण्यात मला रस नाही, हे एक कारण. दुसरे असे की, परळच्या रुग्णालयांभोवती पदपथावर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणे किंवा महापालिका शाळेतील मुलांचा अभ्यास घेणे, या साध्या कामांनाच माणसे कमी पडताना दिसतात.

अडचण अशी की, संस्थेच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'वकील' लिहिले की कामाचे स्वरूपच बदलते. एका ठिकाणी मुलांना गणित शिकवण्यासाठी म्हणून गेले, तर पहिल्याच भेटीत धर्मादाय आयुक्तांकडे प्रलंबित असलेल्या बदल अर्जाची (विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याच्या अर्जाची) फाइल माझ्यापुढे ठेवण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी तर थेट कार्यकारिणीवर येण्याचे निमंत्रण मिळाले आणि त्याचे कारण एवढेच की त्यांच्याकडे कोणी वकील नव्हता. दोन्हीकडची माणसे भली आहेत आणि त्यांची निकड मला कळते, परंतु मला जे करायचे आहे ते बाजूलाच राहते.

अशा विनामूल्य कामाला बार कौन्सिलच्या नियमांची काही आडकाठी आहे का, कार्यकारिणीचे सदस्यत्व घेतल्यास पुढे काय अडचणी येऊ शकतात आणि कायद्याची कागदपत्रे पुढे आली तर संस्थेला न दुखावता नकार कसा द्यावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आपला व्यवसायच न सांगणे हा मार्ग माझ्या मनात येऊन गेला, पण तो योग्य वाटत नाही.

जुना_कोट, फोर्ट

प्रथम नियमांचे सांगतो, कारण याबाबतीत बाररूममध्ये ऐकीव माहितीच अधिक फिरते.

वकील अधिनियम, १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, जे नियम केले आहेत, त्यांत वकिलाच्या अन्य उद्योगांविषयी ४७ ते ५२ असे नियम आहेत. सनद चालू असताना वकिलाने स्वतः धंदा करू नये, कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये आणि अर्धवेळ नोकरी स्वीकारायची असल्यास राज्य बार कौन्सिलची संमती घ्यावी, असा त्यांचा सर्वसाधारण आशय आहे. व्याख्याने देणे आणि शिकवणे यांना नियम ५१ ने मुभा दिलेली आहे आणि तीही कायद्याच्या विषयांपुरती मर्यादित नाही. जाहिरातबंदी आणि पूर्णवेळ नोकरीची बंदी पाळली म्हणजे झाले. तेव्हा शनिवारी मुलांना गणित शिकवण्याने आपल्या सनदेला कसलाही धोका नाही.

काही जण या ठिकाणी डॉ. हनिराज चुलानी यांच्या प्रकरणाचा दाखला देऊन घाबरवतात. मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या या शल्यचिकित्सकांना तो व्यवसाय चालू ठेवून सनद हवी होती. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. परंतु तो वाद दोन पूर्ण व्यवसाय एकाच वेळी चालवण्याचा होता. विनामोबदला सेवेशी त्याची गल्लत करण्याचे कारण नाही.

खरी सावधगिरी दोन ठिकाणी हवी. पहिले ठिकाण मानधनाचे. 'समन्वयक' म्हणून दरमहा ठरावीक रक्कम देण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे, आणि तिला मानधन म्हटले तरी तिचे स्वरूप वेतनाचे असू शकते. प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च पावतीनिशी घेणे वेगळे. ठरावीक मासिक रक्कम माझ्या मते घेऊच नये, निदान बार कौन्सिलच्या संमतीवाचून तरी नाही.

दुसरे ठिकाण कार्यकारिणीचे आहे आणि त्याकडे वकीलच सर्वाधिक दुर्लक्ष करतात. याच नियमांतील आठवा नियम असे सांगतो की, ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीचा वकील सदस्य आहे, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोणत्याही न्यायालयापुढे, न्यायाधिकरणापुढे वा अन्य प्राधिकरणापुढे उभे राहू नये. समितीला विश्वस्त मंडळ म्हणा, व्यवस्थापन समिती म्हणा किंवा आणखी काही. संस्थेचा सर्वसाधारण कारभार तिच्या हाती असला की हा नियम लागू होतो. म्हणजे ज्या संस्थेने 'आपल्याकडे वकील नाही' म्हणून आपल्याला समितीवर घेतले, तिच्याच बदल अर्जाच्या सुनावणीला आपण वकील म्हणून उभ्या राहू शकणार नाही. संस्थेला जे हवे असते ते तिला या निमंत्रणातून मिळतच नाही, आणि हे एकदा नीट समजावून सांगितले की निमंत्रण बहुधा आपोआप मागे पडते.

शिवाय विश्वस्तपद हे केवळ हारतुऱ्यांचे पद नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायची, तारण ठेवायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि कर्तव्यात गंभीर कसूर झाल्यास कलम ४१-ड खाली विश्वस्ताला पदावरून दूर करता येते. समितीतील अन्य सदस्य 'मला कायदा ठाऊक नव्हता' असे मोकळेपणाने म्हणू शकतील. ते कायद्याने चालत नाही हा भाग निराळा, पण वकिलाच्या तोंडी ते वाक्य शोभणारही नाही.

जाता जाता एक गोष्ट. नियम ३६ प्रमाणे वकिलाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर तो अमुक संस्थेशी वा अमुक कार्याशी संबंधित असल्याचा उल्लेख असता कामा नये. गणेशोत्सवात आणि आरोग्य शिबिरांत 'ॲड.' लावून झळकणारे फलक पाहिले म्हणजे हा नियम किती जणांनी वाचला असेल याची शंका येते. आपले नाव संस्थेच्या स्वयंसेवकांच्या यादीत साधे असू द्यावे.

व्यवसाय लपवू नये, या आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. तो पुढे कळतोच, आणि मग लपवल्याचा खुलासा करत बसावे लागते.

रांगेतली_ताई, परळ

संस्थेच्या बाजूने कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. परळ भागात बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाची आणि जेवणाची सोय पाहणाऱ्या एका लहान संस्थेचे कामकाज मी सांभाळते. संस्थेचे नाव येथे देण्याची आवश्यकता नाही.

वकील दिसला की आम्ही फाइल का काढतो, हे आधी समजून घ्यावे. एखादे विश्वस्त निवर्तले किंवा नवे नेमले गेले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीत, नवी नावे चढेपर्यंत बँक सह्या बदलून देण्यास कुरकुर करते, आणि ज्या विश्वस्तांची सही चालते ते वयोवृद्ध असले म्हणजे प्रत्येक धनादेशासाठी त्यांच्या घरी जावे लागते. वरळीच्या कार्यालयातील तारखेला जाण्यासाठी वकील नेमायचा तर त्याचे शुल्क जेवणाच्या निधीतून द्यावे लागते. अशा वेळी दारात आपणहून वकील आला, तर त्याला गणित शिकवू द्यावे असा विचार करण्याइतका मनाचा मोठेपणा कोणाही व्यवस्थापकाकडे उरत नाही. माझ्याकडेही तो नेहमी असतो असे मी म्हणणार नाही.

तरीही नवी_सनद यांनी आपली अट सोडू नये, असेच मी सांगेन. कायद्याच्या कामासाठी शुल्क देऊन का होईना माणूस मिळतो. सकाळी लवकर रुग्णासोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारा, तपासणीचे अहवाल सांभाळणारा, औषधाच्या दुकानातून योग्य पावती आणणारा माणूस पैसे देऊनही मिळत नाही. टाटा रुग्णालयात बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम अशा दूरच्या प्रांतांतून माणसे येतात. त्यांना येथील वाट ठाऊक नसते, अनेकांना हिंदीही जेमतेम येते, आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा यातच त्यांचा अर्धा दिवस जातो.

या कामात वकिलांचा एक गुण फार उपयोगी पडतो, तो म्हणजे कागद लावण्याची सवय. आमच्याकडे येणारे एक वकील गृहस्थ प्रत्येक रुग्णाचे अहवाल तारखेनुसार लावतात, वर एका पानावर सूची करतात आणि ज्या कागदाची मूळ प्रत रुग्णालयाने ठेवून घेतली असेल त्याची नोंद करतात. डॉक्टरांनी मागितलेला अहवाल त्या फाइलमधून तत्काळ निघतो. हे काम कायद्याचे नाही, पण वकिलीत अंगवळणी पडलेले आहे, आणि मला वाटते नवी_सनद यांना असेच काहीतरी अपेक्षित असावे.

उलट, वकिलांची एक सवय आम्हाला त्रासदायक ठरते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला उलटतपासणीच्या सुरात प्रश्न विचारले की त्या दिवसाचे काम अडते, आणि त्याचा राग पुढे त्या रुग्णाला किंवा आमच्या दुसऱ्या स्वयंसेवकाला सोसावा लागतो. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, हे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक खालील योजनेमुळे आमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक असते. ते सांगायचे असते, पण रुग्णालयातील समाजसेवा विभागात शांतपणे बसून, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका पुढे ठेवून. खिडकीवर कलम ऐकवून आजवर कोणाला खाट मिळालेली मी पाहिलेली नाही.

दिवसांबाबत एवढेच म्हणेन की, जेवढे निश्चित जमेल तेवढेच सांगावे. कनिष्ठ न्यायालयांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, हे आम्हालाही आता पाठ झाले आहे. आठवड्यातील इतर दिवसांचा शब्द वकिलांनी देऊ नये. बोर्ड (त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी) लांबला की तो पाळता येत नाही, आणि रुग्ण मात्र ठरलेल्या जागी वाट पाहत उभा असतो.

हिशेबी, मुलुंड

चर्चा वाचली. माझे मत निराळे आहे आणि ते थोडे कटू वाटेल. वकिलाच्या एका तासाची किंमत बाजारात काय आहे आणि जेवण वाढणाऱ्या माणसाच्या एका तासाची किंमत काय आहे, याचा विचार कोणी केला आहे का? वकिलाने शनिवारी चार तास जास्तीचे काम करून आलेले शुल्क संस्थेला दिले, तर त्यातून एक माणूस महिनाभर कामावर ठेवता येईल. नाहीतर त्याने तोच वेळ संस्थेच्या बदल अर्जासाठी द्यावा, कारण ते काम दुसऱ्या कोणाला जमत नाही. विधिज्ञ परिषदेचे नियमच गरजूला विनाशुल्क कायदेविषयक साहाय्य देणे हे वकिलाचे मोठे कर्तव्य मानतात. प्रशिक्षित माणसाने अप्रशिक्षित काम करणे यात स्वतःचे समाधान अधिक आणि समाजाचा लाभ कमी, असे मला वाटते.

वाचक_दादरची, दादर

हिशेबी यांचा युक्तिवाद मी या आधीही ऐकला आहे. तो कागदावर बिनतोड दिसतो, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. कनिष्ठ वकिलाला शनिवारी चार तास जास्त बसल्याचे जास्त शुल्क मिळते, ही पहिली. मुंबईत ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केलेल्या कोणालाही विचारा. जास्त बसल्याने केवळ जास्त चहा मिळतो. दुसरी गोष्ट अशी की, विनाशुल्क वकिली आणि ही सेवा या दोहोंपैकी एकच निवडायची आहे, असे येथे कोणीही म्हटलेले नाही. मी स्वतः गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे आणि ते काम कामाच्या दिवशीच करते.

ज्या वकिलांची उदाहरणे आपण अभिमानाने देतो, त्यांनी तरी कुठे स्वतःला वादपत्रांपुरते बांधून घेतले होते? बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १८७४ मध्ये सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, ती शिक्षणासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उच्च न्यायालयात नुकतीच वकिली करू लागले होते, त्या काळात, जुलै १९२४ मध्ये, त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली. वसतिगृहे आणि वाचनालये हे तिचे आरंभीचे काम होते आणि तिच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड हे त्या काळातील नामांकित वकील होते. आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर वर्सोव्याचे घ्या. उच्च न्यायालयात वकिली करणारे अफरोज शहा यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्या एका वृद्ध शेजाऱ्यासह किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. वकील असल्यामुळे जनहित याचिका हा मार्ग त्यांना इतरांपेक्षा सोपा होता. ते हातमोजे घालून वाळूत उतरले, दर आठवड्याच्या शेवटी उतरत राहिले आणि त्यामुळेच माणसे जमली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा सन्मान केला. त्यांच्या त्या तासांचा हिशेब शुल्काच्या दराने कसा करायचा, हे हिशेबी यांनीच सांगावे.

नवी_सनद यांना एक वेगळे काम सुचवते. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. आरंभी मला परीक्षेत लेखनिक व्हायचे होते. चौकशी केल्यावर कळले की, केंद्र सरकारच्या तेव्हा लागू असलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे लागत असे. एलएल.बी. झालेल्या माणसाला त्यामुळे बहुतेक परीक्षांत ही जागा मिळत नसे, आणि ते रास्तच होते. वाचनाला मात्र अशी अट नाही. आपल्याला रोज मोठमोठी निकालपत्रे न अडखळता वाचण्याचा सराव असतो. तो येथे फार कामी येतो, विशेषतः अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची रुक्ष पुस्तके वाचताना. कॉपीराइटची शंका येईल, तर २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्यास सूट दिलेली आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी असलेले केंद्र आणि वरळीची 'नॅब' (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही दोन ठिकाणे चौकशीस योग्य आहेत. घरी बसून ध्वनिमुद्रण करता येत असेल तर पंखा बंद ठेवावा लागतो, ही मे महिन्यातली एकमेव खरी अडचण.

नवी_सनद, बोरिवली

सर्वांचे मनापासून आभार. जुना_कोट सरांनी सांगितलेला आठवा नियम मी पुन्हा काढून वाचला आणि समितीचे निमंत्रण त्याच आधारे नाकारले. संस्थेने ते समजून घेतले.

एक शंका उरते. रुग्णाचे नातेवाईक किंवा मुलांचे पालक गप्पांच्या ओघात कायद्याचे काही विचारतातच. मालकाने कामावरून काढले, घराचे भाडेपत्र नाही, नवऱ्याने सोडले, अशा गोष्टी असतात. त्या वेळी 'मी येथे वकील म्हणून आलेली नाही' असे म्हणणे फार कोरडे वाटते. आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेली माहिती अशील आणि वकील यांच्या संभाषणासारखी संरक्षित असते का?

जुना_कोट, फोर्ट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सामान्यतः नसते. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये असलेले आणि आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आलेले संरक्षण हे वकील म्हणून केलेल्या सेवेच्या ओघात आणि तिच्यासाठी झालेल्या संभाषणाला आहे. आपण जेवण वाढत असताना कोणी काही सांगितले, तर त्याला ते लागू होईल असे धरून चालू नये, आणि समोरच्यालाही तसा समज होऊ देऊ नये. मुलांसोबत काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी भीती वाटली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शिकवणीला येणारा स्वयंसेवक त्यातून सुटत नाही. संस्थेत अशा वेळी कोणाशी बोलायचे, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवावे.

पहिल्या प्रश्नाबाबत, कोरडे वाटू नये यासाठी 'नाही' म्हणतानाच पुढची जागा दाखवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आपण सांगितलेल्या तीन उदाहरणांपैकी नवऱ्याने सोडलेल्या बाईला तर तो हक्कच आहे. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संस्थेच्या भिंतीवर लावा. जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत कोणाला सोबत हवी असेल तर अवश्य जा. सोबत जाणे हे स्वयंसेवकाचेच काम आहे. मात्र अशा ओळखीतून आलेले प्रकरण स्वतःच्या चेंबरमध्ये नेऊ नका, शुल्क न घेताही नेऊ नका. दहा प्रकरणे चोख केली तरी अकराव्याच्या वेळी कोणीतरी म्हणेल की या बाई येथे अशील शोधायलाच येतात, आणि त्या बोलण्याला उत्तर देणे फार जड जाते.

रांगेतली_ताई, परळ

सरांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण दुजोरा आहे.

नवी_सनद, आपण उन्हाळी सुट्टीत काम करण्याचे म्हटले होते, त्याबद्दल थोडे. मे महिन्यात अभ्यासवर्गाचा विचार नको. शाळा बंद असतात आणि मुले गावी गेलेली असतात. वर्ग जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावरच भरतात आणि तेव्हा आपली न्यायालयेही पूर्ववत सुरू झालेली असतात. आमच्याकडची स्थिती याच्या उलट आहे. महाविद्यालयीन स्वयंसेवक परीक्षा संपताच गावाला जातात, रुग्णांची संख्या तेवढीच राहते आणि सकाळच्या फेरीला माणूस मिळत नाही. आपण मे महिना आमच्याकडे काढावा आणि जूननंतर दोन शनिवारांपैकी एक अभ्यासवर्गाला द्यावा, असे मला सुचते. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते. येताना ओळखपत्राची प्रत आणि दोन छायाचित्रे आणावीत. सनदेची प्रत आणू नये. आमचे विश्वस्त ती पाहतील आणि पुन्हा फाइल काढतील.